जूनमध्ये उतरवलेला बंपर

वेल्टन गावात क्रोमचं काम थंडीत करतात. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला की जुन्या ट्रकांचे मालक आपापल्या शेडमध्ये शिरतात, बंपर उतरवतात, गोधडीत गुंडाळून मुलामा चढवणाऱ्याकडे नेतात आणि मग तीन महिने फोन करकरून त्या माणसाचा जीव खातात. मार्चमध्ये बंपर परत येतो, एप्रिलमध्ये जागेवर बसतो, आणि चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत रस्त्याकडेच्या बायका त्यात बघून आपल्या टोप्या नीट करतात. जूनमध्ये बंपर काढणं म्हणजे लग्न तीन आठवड्यांवर आलं असताना नवरीचे पुढचे दात उपटण्यासारखं. असं कोणी करत नाही. डोक्यावर परिणाम झालेला माणूसही करत नाही.

म्हणून त्या रविवारी चर्चमधून आल्यावर डोरीन स्टर्नर ओव्हनमध्ये मांस ठेवत होती आणि शेडमधून ग्राइंडरचा आवाज आला, तेव्हा तिला आधी वाटलं, गेलन कुंपणाची तार कापतोय. ती हात पुसत बाहेर आली. शेडच्या दारातून ठिणग्या उडत होत्या. तिचा नवरा चर्चचे कपडेसुद्धा न बदलता ट्रकच्या पुढच्या चाकाजवळ आडवा झाला होता आणि बंपरचे बोल्ट कापत होता.

हा ट्रक छप्पन सालचा. हिरवा. गेलनच्या वडिलांनी नवा घेतलेला. दहा वर्षांपूर्वी हाच बंपर काढायचा होता तेव्हा गेलननं चार बोल्टांसाठी नऊ दिवस घेतले होते. सकाळ-संध्याकाळ तेल सोडायचं, हातोडीनं हलकेच टिचक्या मारायच्या, आणि येईल त्याला सांगायचं की हे बोल्ट खास कारखान्यातले आहेत, बाजारात मिळत नाहीत. डोरीनच्या बाळंतपणातसुद्धा त्यानं एवढा धीर धरला नव्हता. आणि तोच माणूस आज त्याच बोल्टांची मुंडकी उडवत होता.

"काय चाललंय रे?" डोरीन ओरडली.

ग्राइंडर थांबला. गेलननं आधी जवळची जुनी गोधडी ओढून बंपरवर टाकली, मग तो उठला.

"क्रोम करायला देतोय."

"आत्ता? मिरवणूक तीन आठवड्यांवर आलीये."

"होईल तोवर."

"आणि ते बोल्ट?"

"गंजले होते." तो तिच्या आणि बंपरच्या मधोमध उभा राहिला. "तू आत जा. मांस करपेल."

मांस ठेवून पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. डोरीन आत गेली खरी, पण खिडकीतून शेडकडेच बघत राहिली. कारण तासाभरापूर्वीच चर्चमध्ये पाद्रीबाबांनी सांगितलं होतं, की काल संध्याकाळी नदीच्या रस्त्यावर वेंडल प्रॅटला कोणीतरी गाडीनं उडवलं आणि तसंच टाकून पळून गेलं. रात्री नऊला कोणी ट्रॅक्टर घेऊन येत होता, त्याला तो चरात दिसला. खुब्याचं हाड मोडलं होतं, तीन फासळ्या गेल्या होत्या. वेंडलला एवढंच आठवत होतं की गाडी मोठी होती, ट्रक असावा.

वेंडल म्हणजे कोणी परका नव्हे. एकतीस वर्षं त्यानं गावात टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावरही पायांना चैन पडेना म्हणून रोज संध्याकाळी नदीच्या रस्त्यानं चार मैल चालायचा. गेलन आणि तो पहिलीपासूनचे सोबती. दर बुधवारी तो स्टर्नरांच्या स्वयंपाकघरात पत्ते खेळायला यायचा आणि दर बुधवारी दोघं एकमेकांना लबाड म्हणायचे.

डोरीननं शनिवार पुन्हा पहिल्यापासून आठवला. तिची गाडी ब्रेकच्या कामाला गॅरेजात होती, म्हणून दुपारी चारला ती ट्रक घेऊन दाण्याच्या दुकानात गेली, कोंबड्यांच्या खाद्याची पोती घेतली, लायब्ररीत पुस्तक परत केलं आणि सहाच्या आत नदीच्या रस्त्यानं घरी आली. वाटेत चिटपाखरू नव्हतं. सव्वासहाला गेलन ट्रक घेऊन ऑरिन बेलकडे गेला, त्याचं गवत बांधायचं यंत्र अडकलं होतं. साडेआठला परतला, हात धुतले आणि न जेवता झोपला. न जेवता. त्या वेळी तिला वाटलं होतं, दमला असेल.

संध्याकाळी जेवण झाल्यावर गेलननं भांडी घासली. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. या माणसानं आजवर कपसुद्धा विसळला नव्हता. डोरीन खुर्चीत बसून त्याची पाठ बघत राहिली.

"डोरीन," तो पाठ न वळवता म्हणाला, "काल तू कुठल्या रस्त्यानं आलीस?"

"नदीच्या."

"किती वाजता?"

"सहाच्या आत. का?"

"काही नाही. वाटेत कोणी दिसलं?"

"कोणी नाही."

"आपटलं वगैरे काही? खड्डाबिड्डा?"

"नाही. का पण?"

"सहज." त्यानं एकच ताटली तिसऱ्यांदा धुवायला घेतली. डोरीनला वाटलं, हा अंदाज घेतोय. मी काय पाहिलं, कितपत पाहिलं, हे चाचपून बघतोय.

सोमवारी पहाटेच तो बंपर घेऊन गेला. वेल्टनमधले सगळे ट्रकवाले क्रोमसाठी जिल्ह्याच्या गावी जातात, पंचवीस मिनिटांचा रस्ता. गेलन परत आला तो दुपारी दीडला. आल्यावर त्यानं ट्रकवर ताडपत्री टाकली, किल्ली खुंटीवर न ठेवता स्वतःच्या खिशात घातली, आणि डोरीनला म्हणाला, "तुझी गाडी गॅरेजवाला आणून देतोय आज. पण थोडे दिवस तू चालवू नकोस. कुठे जायचं असेल तर मी नेईन."

"मी काय लंगडी झालेय?"

"तसं नव्हे. विश्रांती घे जरा." आणि त्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला. डोरीनच्या अंगावर काटा आला, आणि तो प्रेमाचा नव्हता.

मंगळवारी त्यानं तिला लव्हॉनच्या हॉटेलपाशी सोडलं. लव्हॉन तिची शाळेतली मैत्रीण. गेली तीस वर्षं ती गावाला कॉफी पाजत होती आणि बदल्यात गावाची बित्तंबातमी ठेवत होती. हॉटेलच्या आवारात आठ-दहा ट्रक उभे होते, आणि आत शिरण्याआधी जो तो त्यांच्यामधून एक फेरी मारत होता. हात पाठीमागे, मान जरा वाकवून, जनावरांच्या बाजारात फिरावं तसा. त्या आठवड्यात वेल्टनमध्ये कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं, सगळे एकमेकांच्या बंपरांकडे बघत होते. ज्याच्या बंपरला जुना पोचा होता तो न विचारता त्याचा इतिहास सांगत होता.

"गेलनचा ट्रक दिसला नाही ग दोन दिवस," लव्हॉननं कॉफी ओतता ओतता विचारलं. "झाकून ठेवलाय की काय दागिन्यासारखा?"

"मेण लावतोय. मिरवणुकीसाठी," डोरीन म्हणाली. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण खोटं बोललो, आणि फार सहज बोललो.

शेजारच्या टेबलावर ऑरिन बेल अंडी खात होता. त्यानं मान वर केली. "गेलनला म्हणावं, यंत्र झकास चाललंय. अर्ध्या तासात दुरुस्त केलं पठ्ठ्यानं."

"अर्ध्या तासात?"

"सातला तर तो निघालासुद्धा. म्हटलं बीअर घे, तर नको म्हणाला."

ऑरिनच्या घरापासून स्टर्नरांचं घर दहा मिनिटांवर. सात ते साडेआठ. डोरीननं कपात साखर घातली, ढवळली, आणि पुन्हा साखर घातली. लव्हॉन तिच्याकडे बघत होती. शाळेपासूनची मैत्रीण, पण त्या क्षणी डोरीनला तिचीही भीती वाटली.

घरी येताना तिनं गेलनला विचारायचं ठरवलं होतं. सरळ. सात ते साडेआठ कुठे होतास? पण गेलन गाडी चालवताना इतका सांभाळून बोलत होता, जणू शेजारी आजारी माणूस बसलाय. तिची जीभ उचलेना. खरं सांगायचं तर तिला उत्तराचीच भीती होती. विचारलं नाही तोवर ती बायको होती. विचारल्यावर कोण होणार, हे तिला कळत नव्हतं.

बुधवारी डेप्युटी ट्रॅव्हिस आला. शेरीफच्या कचेरीतले लोक घरोघर ट्रक बघत फिरत होते. हा ट्रॅव्हिस चर्चच्या रविवारच्या शाळेत डोरीनच्या हाताखाली शिकलेला, आता त्याला स्वतःची दोन मुलं होती, तरी तिच्यासमोर टोपी काढून हातात धरायचा. गेलन वरच्या शेतात होता.

"मिसेस स्टर्नर, नुसता नियम म्हणून विचारतोय हं. ट्रक बघू का?"

"ताडपत्री घातलीये. मेण वाळतंय. उचललीस तर गेलन तुला आणि मला, दोघांनाही फाडून खाईल."

ट्रॅव्हिस हसला. "नको रे बाबा. शनिवारी बाहेर होता का ट्रक?"

"मी दाण्याच्या दुकानात नेला होता. दुपारी."

"आणि संध्याकाळी?"

डोरीननं त्याच्या हातातल्या टोपीकडे बघितलं. "संध्याकाळी घरीच होता," ती म्हणाली.

ट्रॅव्हिसनं वहीत लिहिलं आणि तो गेला. त्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत ती ओसरीवर उभी राहिली. ज्या पोराला तिनं खोटं बोलू नये म्हणून शिकवलं, त्याच्याच तोंडावर ती खोटं बोलली होती. तिला गेलनचा इतका राग आला की तिनं आत जाऊन ओट्यावर मूठ आपटली. रात्री वेंडलची खुर्ची रिकामी होती. गेलननं पत्ते काढलेच नाहीत. त्यानं पुन्हा भांडी घासली.

गुरुवारी ती हट्टानं स्वतःची गाडी घेऊन हॉस्पिटलात गेली. गेलन दारात आडवा उभा राहिला होता. "मी सोडतो," तो म्हणाला.

"मग चल की आत माझ्याबरोबर. वेंडलला भेट."

तो बाजूला झाला. "माझ्याच्यानं नाही बघवायचं त्याला," एवढंच म्हणाला.

वेंडलचा चेहरा एका बाजूनं जांभळा झाला होता. तो तिला बघून हसला, मग फासळ्या दुखल्या म्हणून थांबला.

"गेलन कुठाय? पाच दिवसांत फिरकला नाही लबाड."

"गवताची कापणी चाललीये," डोरीन म्हणाली. चौथं खोटं. आता ती मोजायला लागली होती.

"डोरीन, एक सांगू? हे मी त्या पोलिसाला काल रात्री सांगितलं, तोवर आठवतच नव्हतं." वेंडलनं छताकडे बघितलं. "तो थांबला होता. मी चरात पडलो होतो, वर बघता येत नव्हतं, पण गाडीचं दार उघडल्याचा आवाज ऐकला मी. पावलं वाजली खडीवर. चार-पाच पावलं. वाटलं, सुटलो, आला कोणीतरी. मग पावलं मागं गेली आणि दार लागलं."

डोरीननं त्याच्या अंगावरची चादर नीट केली.

"घाबरून पळालेल्याला मी माफ केलं असतं," वेंडल म्हणाला. "पण त्यानं मला बघितलं. बघून दार लावलं. मी रात्रभर तेच ऐकतो."

गाडीत बसल्यावर डोरीन रडली. आवाज करून, तोंड वेडंवाकडं करून रडली. भीतीनं पळालेल्या नवऱ्याला तिनं पोटात घातलं असतं, तेवढी तयारी तिच्या मनानं नकळत केली होती. पण पहिलीपासूनच्या सोबत्याला चरात बघून गाडीचं दार लावणारा माणूस तिच्या शेजारी झोपत होता, तिची भांडी घासत होता, तिच्या केसांवरून हात फिरवत होता. हे तिच्यानं सोसवेना.

घरी आल्यावर तिनं धुण्याच्या टोपलीतून गेलनचा सोमवारचा शर्ट काढला. खिशात पावती होती. क्रोमवाल्याचं दुकान शहरापलीकडे, नव्वद मैलांवर. गेलन शेतात असल्याची खात्री करून तिनं फोन लावला.

"स्टर्नर? हो, आहे की," पलीकडचा माणूस म्हणाला. त्याच्या मागे यंत्रांची घरघर चालली होती. "फार घाई आहे बुवा तुमच्या यजमानांना. जादा पैसे देऊन नंबर पुढे लावलाय. उद्या सकाळी सातला तेजाबाच्या हौदात टाकतो."

"मग काय होतं?"

"जुनं क्रोम सुटतं, निकेल सुटतं, रंगाचा डाग असेल तर तोही जातो. मग पोचा ठोकून काढायचा, घासायचं, वर तांबं, निकेल, पुन्हा क्रोम. चिंता नको बाई. पोचा कुठे होता ते तुम्हाला बोट ठेवून दाखवता येणार नाही."

"पोचा आहे म्हणजे?"

"आहे ना. डाव्या कोपऱ्यात. नाहीतर जूनमध्ये कोण येतं आमच्याकडे?"

डोरीननं फोन ठेवला. घड्याळात चार वाजले होते. सकाळी सातपर्यंत पंधरा तास. मग लोखंड कोरं होणार आणि जन्मभर कोणालाच काही सिद्ध करता येणार नाही, तिला स्वतःलासुद्धा नाही. ती नुसती गप्प बसली असती तरी झालं असतं. काही करायचंच नव्हतं, फक्त झोपायचं आणि उठायचं. हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं. पाच वाजता तिनं ट्रॅव्हिसला फोन केला आणि दुकानाचं नाव सांगितलं. "काल मी तुझ्याशी खोटं बोलले," ती म्हणाली, आणि शनिवारची संध्याकाळ, सात आणि साडेआठ, सगळं सांगून टाकलं.

त्या रात्री गेलन लवकर झोपला. ती जागी राहून त्याचा श्वास ऐकत होती. उद्यापासून हा आवाज या खोलीत नसेल, असं तिला वाटत होतं, आणि तरीही तिनं त्याला उठवलं नाही.

शुक्रवारी दुपारी अडीचला शेरीफच्या कचेरीची गाडी अंगणात आली. गेलन ओसरीवर उभा होता. ट्रॅव्हिस आधी शेडमध्ये जाऊन ताडपत्रीखाली बघून आला, मग त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं आणि गोधडीत गुंडाळलेला बंपर उचलून ओसरीच्या पायरीवर आडवा ठेवला. गेलननं पटकन डोरीनचा हात धरला, घट्ट, आणि म्हणाला, "ट्रॅव्हिस, हिला आत जाऊ दे. जे काय विचारायचंय ते मला विचार. ट्रक मी चालवत होतो."

डोरीनच्या मनात आलं, म्हणजे खरंच होतं तर.

"नाही," ट्रॅव्हिस म्हणाला. त्यानं टोपी काढून पायरीवर ठेवली आणि गोधडी बाजूला केली. "म्हणजे, चालवत असाल. पण तुम्ही वेंडलला मारलेलं नाही. हे बघा."

डाव्या कोपऱ्यात, वळणाच्या खाली, चौकोनी पोचा होता. सुरीनं लोण्यात खाच करावी तसा सरळ कडांचा. आणि पोच्यात पिवळा रंग.

"माणूस असा चौकोनी नसतो," ट्रॅव्हिस म्हणाला. "आणि वेंडल काही पिवळा नाही. मी सकाळी हा घेऊन थेट दाण्याच्या दुकानात गेलो. त्यांच्या पोती उचलायच्या पिवळ्या गाडीच्या पात्यावर क्रोमची चकाकी आहे. चालवणाऱ्यानं कबूल केलं. शनिवारी दुपारी मिसेस स्टर्नर आत बिल देत होत्या, तेव्हा पोती चढवायला वळवताना लागलं म्हणे. छप्पन सालचा ट्रक बघून त्याची बोबडी वळली, म्हणून तो गप्प राहिला. शिवाय काल नदीच्या रस्त्यावरचं गवत कापलं, तिथं हेडलाइटच्या काचा सापडल्यात. ज्यानं वेंडलला मारलं त्याचा दिवा फुटलाय. तुमचे दोन्ही शाबूत आहेत, आत्ता येताना शेडमध्ये बघितले मी."

कोंबड्या अंगणात टिपत होत्या.

"मिसेस स्टर्नर," ट्रॅव्हिस टोपी उचलत म्हणाला, "तुम्ही फोन केलात ते बरंच झालं. आज सकाळी हा हौदात गेला असता तर मी आयुष्यभर तुमच्या ट्रककडे संशयानं बघितलं असतं." मग त्यानं गेलनकडे बघितलं, आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं, आणि कॉफी नको म्हणत तो घाईनं गाडीत जाऊन बसला.

धूळ खाली बसल्यावर गेलननं तिचा हात सोडला.

"तू फोन केलास?"

"हो."

"माझं नाव सांगितलंस?"

"हो. सात ते साडेआठ तू कुठे होतास, गेलन?"

तो पायरीवर बसला. "पलीकडच्या गावात. वाडगाभर चिली खाल्ली, मांस-राजम्याची. आणि दालचिनीचे दोन रोल."

"दोन?"

"डॉक्टरनं बंद केलेत म्हणून तुला सांगितलं नाही."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी डोरीननं यावरून घर डोक्यावर घेतलं असतं. आज ती बंपरच्या दुसऱ्या टोकाला बसली. "मग हा का काढलास? बोल्ट कापून, नव्वद मैलांवर नेऊन?"

गेलननं बोटानं पोच्याची कड चाचपली. "रविवारी पाद्रीबाबांनी वेंडलचं सांगितलं. घरी येऊन बघतो तर हा पोचा. मी काही आपटलं नव्हतं. माझ्याआधी ट्रक तुझ्याकडे होता. तू नदीच्या रस्त्यानं आली होतीस, आणि विचारलं तर म्हणालीस, कोणी दिसलं नाही."

डोरीनला एकेक करून सगळं कळत गेलं. खिशातली किल्ली, 'चालवू नकोस', केसांवरचा हात. आणि भांडी. पाच दिवस तो एका गुन्हेगार बाईशी प्रेमानं वागत होता.

"तुला वाटलं, मी वेंडलला चरात टाकून आले? आणि येऊन कोंबड्यांना दाणे घातले?"

"तुला वाटलं, मी."

"मला वाटलं, तू." तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. "मला एकदा विचारायचं होतंस."

"तूही नाही विचारलंस."

हे खरं होतं. गोधडीचं टोक ओढत गेलन म्हणाला, "मला नेलं असतं तर तुरुंगात भेटायला आली असतीस?"

"दर आठवड्याला."

त्यानं मान हलवली. तेवढं त्याला पटलं असावं.

"आणि तू?" डोरीन म्हणाली. "बंपर कोरा होऊन आला असता, मग? तू जन्मभर गप्प बसला असतास?"

"हो."

"दर बुधवारी वेंडलबरोबर पत्ते खेळला असतास? तो काठी टेकत आला असता, तू त्याला खुर्ची ओढून दिली असतीस? ख्रिसमसला माझ्या हातच्या बिस्किटांचा डबा नेऊन दिला असतास त्याला?"

"तुझ्यासाठी, हो," गेलन म्हणाला. त्यानं विचारसुद्धा केला नाही.

इतकं प्रेम कोणी आपल्यावर करतं हे डोरीनला त्रेचाळीस वर्षांत कळलं नव्हतं, आणि आता कळल्यावर तिला त्या माणसाची भीती वाटली. तिला स्वतःचीही भीती वाटली. कारण बुधवारी ट्रॅव्हिससमोर तिनंही तेच केलं होतं, आणि वेंडलनं ते दार लागल्याचं सांगितलं नसतं तर ती पुढेही तेच करत राहिली असती.

"उठ," ती म्हणाली. "हात धू. वेंडलकडे जायचंय."

"आता जातो मी. आता काय, आता तोंड दाखवता येईल."

"नुसतं तोंड दाखवायला नाही. सांगायला."

"काय सांगायला? आपण काही केलंच नाही, डोरीन."

"त्याला कोणी मारलं हे आपल्याला ठाऊक आहे, असं तू पाच दिवस समजत होतास. मी पण. आणि तो तिथं ते दार लागल्याचा आवाज ऐकत पडला होता, आणि आपण इथं भांडी घासत होतो. हे सांगायचं."

गेलन हातांकडे बघत राहिला. बोल्ट कापताना भाजल्याचे दोन डाग बोटांवर होते. "हे ऐकल्यावर तो पुन्हा आपल्या घरी पाऊल टाकणार नाही," तो म्हणाला. "पहिलीपासूनचा आहे तो माझा."

"कदाचित नाही टाकणार."

"मग नको ना सांगायला. कोण विचारतंय?"

"कोणीच विचारत नाही," डोरीन म्हणाली, आणि गाडीची किल्ली आणायला आत गेली. परत आली तेव्हा तो अजून पायरीवरच होता. तिनं गाडी काढली, ओसरीपाशी आणून उभी केली, पलीकडचं दार आतून उघडलं आणि वाट बघत बसली. बराच वेळ गेला. मग गेलन उठला, अंगणातल्या नळावर त्यानं हात धुतले, आणि येऊन तिच्या शेजारी बसला.